डोळ्यांचे डॉक्टर घोरण्याबद्दल का विचारतात

अगं, त्या डॉक्टरांवर रागावू नकोस. डोळा दाखवायला गेलेल्या माणसाला "रात्री घोरता का?" असं विचारलं, तेही बायकोसमोर, तर तुझे अहो फणकारणारच. पण डोळ्यांचा डॉक्टर झोपेची चौकशी करतो तेव्हा तो गप्पा मारत नसतो. मला तर उलट बरं वाटलं. माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून गेली. चष्म्याचे नंबर काढले, मोतीबिंदूची शिबिरं केली, शाळाशाळांतून पोरांचे डोळे तपासले, पण पेशंट घोरतो का, ही ओळ आमच्या केसपेपरवर कधी नव्हती. आता विचारायला लागलेत, ते उगीच नाही.

तू फोनवर सांगितलंस ते असं ना? सकाळी उठून पेपर उघडला तर डाव्या डोळ्याला खालचा अर्धा भाग धुरकट. दुखत नाही, लाल नाही, पाणी नाही. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळ्यांवर पाणी मारलं, मग "झोप झाली नसेल" म्हणत दोन दिवस काढले. या दुखण्याचं हे अगदी ठरलेलं रूप आहे बाई. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते, तिथे तोंडाशीच रक्त कमी पडलं की असं होतं. कळ येत नाही, बहुतेकांना सकाळी उठल्यावरच कळतं, आणि पुष्कळदा नजरेचा खालचा अर्धा भागच जातो. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव आहे. आपण नसेचा झटका म्हणू.

आता झोपेचा याच्याशी काय संबंध, ते सांगते. जरा निवांत बस.

घोरण्याचा आवाज आपल्याला नकोसा होतो आणि तो थांबला की हायसं वाटतं. खरी काळजी करायची ती तो थांबल्यावर. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते म्हणून आवाज येतो. ती वाट पूर्ण मिटली की आवाज बंद. छाती वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. असं निदान दहा सेकंद झालं तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. काहींचं अर्धा मिनिट चालतं, कधी त्याहून जास्त. मग एकदम मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. तो शपथेवर सांगतो, मी छान झोपलो होतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हा शब्द बातम्यांतून आपल्या घराघरांत आला, आणि आठवड्याभरात विसरलाही गेला. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे चांगली तब्येत. हा समज आजोबांच्या वेळेपासून चालत आलाय, तो एका बातमीने थोडाच जाणार?

त्या मिटलेल्या दहा-वीस सेकंदांत रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, त्यासरशी हृदय धडधडतं आणि बीपी उसळतं. श्वास सुटला की खाली येतं. पुन्हा वाट मिटते, पुन्हा तेच. तासाला किती वेळा हे होतं, त्यावरून आजार मोजतात. पाचच्या खाली असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी एकदा गुदमरणं. आणि अशी माणसं सकाळी दाढी करून ऑफिसला जातात, दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या घेतात, आणि घरचे म्हणतात वय झालं.

या चढउताराने हृदय थकतं, मेंदू थकतो, हे कुणालाही पटतं. डोळा मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. आता बघ. डोळ्याच्या आतला पडदा तोळाभरही वजनाचा नाही, पण वजनाच्या मानाने शरीरात सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांत त्याची गणती होते. म्हणून त्याला दोन वाटांनी रक्त मिळतं. पडद्याच्या आतल्या थरांना एक बारीक धमनी मधून येते. बाहेरच्या थरांना पडद्यामागे रक्तवाहिन्यांचं जे दाट अस्तर आहे, त्यातून मिळतं. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा सुमारे ८५ टक्के वाटा त्या अस्तरातूनच वाहतो. पडद्यातल्या आतल्या वाहिन्या हुशार आहेत. बीपी थोडं वरखाली झालं तरी त्या आकुंचन-प्रसरण करून प्रवाह जवळपास तेवढाच ठेवतात. ऑक्सिजन कमी झाला की रुंदावतात, कार्बन डायऑक्साइड वाढला तरी रुंदावतात. म्हणजे एखाद्या रात्री सर्दीने नाक बंद झालं नि श्वास अडखळला तर डोळा ते सांभाळून घेतो.

पण रोज रात्री, दोनशे-तीनशे वेळा, वर्षानुवर्षं? मग वाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर बिघडतं. वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं, तिला आवळणारं एंडोथेलिन वाढतं. रुंद व्हायची वेळ आली की ती होत नाही. हुशारी संपली. ऑक्सिजन उतरला की मग डोळ्याला मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं.

आणि सगळ्यात आधी कुणाचं भागत नाही? नसेच्या तोंडाचं. तिथे रक्त आणणाऱ्या वाहिन्या आखूड, आणि एकमेकींना जोडलेल्या फारशा नसतात. दोन वाहिन्यांच्या हद्दी जिथे संपतात तिथला भाग म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत. वर पाणी भरपूर असेल तोवर त्यालाही पोचतं. पाळी जरा लांबली की पहिलं वाळतं तेच. हे हद्दीचं गणित नीट उलगडून दाखवलं ते पंजाबात जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेल्या डॉ. सोहनसिंग हायरेह यांनी. त्यांनी पेशंटांचं चोवीस तास बीपी मोजलं आणि लक्ष वेधलं ते रात्रीकडे. झोपेत बीपी तसंही उतरतं. ज्यांच्या नसेचं तोंड जन्मतःच लहान आणि दाटीवाटीचं आहे, त्यांना ते उतरणं महागात पडतं. म्हणून झटका रात्री येतो आणि कळतो सकाळी. तुझ्या अहोंच्या रिपोर्टमध्ये नसेच्या तोंडाबद्दल काही लिहिलंय का, ते बघून मला फोटो पाठव.

यात झोपेतलं गुदमरणं मिसळलं की काय होत असेल, याचा शोध घ्यायला २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी असा झटका आलेल्या १७ जणांची स्लीप स्टडी केली. त्यातल्या १२ जणांना अ‍ॅप्निया निघाला. तुलनेला घेतलेल्या तेवढ्याच इतर माणसांत तिघांना. सतरा म्हणजे काही फार नाहीत, आणि जाड माणसं, शुगरवाले, बीपीवाले या सगळ्यांत अ‍ॅप्निया तसाही जास्त आढळतो, त्यामुळे दोष नेमका कुणाचा, हा वाद राहतोच. पण नंतरही पुष्कळ ठिकाणी हा संबंध दिसत राहिला, म्हणून आता नसेचा झटका दिसला की शहाणा डॉक्टर घोरण्याबद्दल विचारतो.

काचबिंदूचं मात्र इतकं सरळ नाही. तिथले अभ्यास एकमेकांशी भांडतात. डोळ्याचा दाब नॉर्मल असूनही ज्यांची नस झिजत जाते, त्यांच्याबाबत संशय जास्त, एवढं खरं. मला यातली एक गंमत फार आवडली. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठाच्या लोकांनी झोपलेल्या पेशंटांच्या डोळ्यांत दाब मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स बसवून रात्रभर नोंद केली. सगळ्यांना वाटलं होतं, श्वास अडला की डोळ्याचा दाब वाढत असणार. निघालं उलटच, श्वास अडलेला असताना दाब उतरत होता! मग नस झिजते ती दाबाने नव्हे, रक्त नि ऑक्सिजन कमी पडल्याने, या बाजूचं पारडं जड झालं.

बाकीचं भराभर सांगते. पडद्याची शीर तुंबणं, शुगरने पडदा खराब होणं, पडद्याखाली पाणी साठणं, या सगळ्यांबरोबर अ‍ॅप्निया जास्त दिसतो. झोपेत कवटीतला दाब वाढून दोन्ही नसांना सूज आल्याच्याही नोंदी आहेत. शुगर आहे ना त्यांना? मग पडद्याची तपासणी वर्षातून एकदा ठरलेलीच, आणि आता डॉक्टर सांगतील तशी.

आणि एक खूण तू घरीच बघू शकतेस. त्यांची वरची पापणी बोटाने हलकेच वर ओढ. ती रबरासारखी सैल, सहज उलटी होत असेल, आणि ज्या कुशीवर झोपतात त्या बाजूचा डोळा सकाळी लाल, चिकट असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या सैल पापणीचं वर्णन केलं, तेव्हा ते बहुतेक लठ्ठ पुरुषांत दिसलं होतं. पुढे कळलं की यातल्या बऱ्याच जणांना अ‍ॅप्निया असतो. आमच्या ओपीडीत अशा डोळ्यांना आम्ही थेंब देऊन पाठवायचो.

आता तू विचारशील, गेलेली नजर परत येईल का. खोटं कशाला बोलू? काहींची थोडी सुधारते, पण पूर्ण पहिल्यासारखी सहसा होत नाही. मी तुला एवढं सगळं सांगतेय ते दुसऱ्या डोळ्यासाठी. एका डोळ्याला झटका आलेल्यांपैकी साधारण शंभरातल्या पंधरांना पाचेक वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही येतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलंय. आणि २०१५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की तीव्र अ‍ॅप्निया असून जे रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावत नाहीत, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याला धोका जास्त. तेव्हा तुझे अहो "एका डोळ्याने दिसतंय की" म्हणाले, तर त्यांना या दोन गोष्टी ऐकव. घोरण्यावरून भांडू नकोस. ते भांडण तू वीस वर्षं हरत आलीयेस.

काय करायचं ते सांगते. पहिलं, ते झोपले की मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर, चांगला पंधरा-वीस मिनिटांचा. पुरुषांना स्वतःचं घोरणं पटत नाही, पण रेकॉर्डिंग ऐकवलं की चेहरा बघण्यासारखा होतो. दुसरं, ब्लाउजची मापं घ्यायची टेप काढ आणि गळ्याचा घेर मोज. पुरुषाचा सतरा इंचांच्या घरात, बाईचा सोळाच्या, तर संशय वाढतो. बीपी, पन्नाशी, लठ्ठपणा, दिवसा पेंग येणं, श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, याही खुणा. कोविडमध्ये घेतलेला तो ऑक्सिमीटर कपाटातून काढून बोटाला लावशील आणि ९७ बघून निश्चिंत होशील, तसं करू नकोस. जागेपणी आकडा चांगलाच येतो. बघायचं ते रात्रभरची नोंद.

त्यासाठी स्लीप स्टडी. दवाखान्यात एक रात्र झोपून करतात, किंवा छोटं यंत्र घरी आणून. घरचं स्वस्त पडतं, पण कुठलं योग्य ते छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ठरवू दे. अ‍ॅप्निया निघाला तर बहुधा सीपॅप सुचवतील. नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब, घसा मिटत नाही. हे १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे मांडलं, आणि त्यांचं पहिलं मशीन म्हणे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायचं. आता उशाला डबाभर जागा लागते, आवाजही घोरण्यापेक्षा कमीच. पहिला आठवडा ते वैतागतील, काढून फेकतील. मास्कचं माप चुकलेलं असतं बहुतेकदा, ते बदलून घ्यायचं. मास्क वरून गळत असेल तर हवा थेट डोळ्यांवर येते, डोळे कोरडे, लाल होतात. काहींच्या डोळ्यांचा रात्रीचा दाब या मशीनने थोडा वाढल्याचंही दिसलंय. म्हणून मशीन घेतलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचंच. बंद मात्र करायचं नाही.

रात्रीची दारू बंद. तुला माहीत आहे कुठल्या शनिवारांबद्दल बोलतेय. दारूने घसा आणखी ढिला पडतो, झोपेच्या गोळ्यांनीही पडू शकतो. उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर बरं. टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायची युक्ती काहींना लागू पडते. शिवायला तू आहेसच. वजनाचं म्हणशील तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांना वर्षानुवर्षं तपासून आढळलं की वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर गुदमरण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी उतरतं. नव्वद किलोच्या माणसाला नऊ किलो. श्रावणात उपवास करून साबुदाण्याच्या खिचडीने ते होत नाही, हेही आताच सांगून ठेवते.

बीपीची गोळी रात्री झोपताना घेतात का? घेत असतील तर डॉक्टरांना वेळेबद्दल विचार. झोपेत बीपी उतरतंच, त्यात गोळीचा जोर त्याच वेळी आला तर नसेच्या तोंडाला आणखी कमी पडू शकतं. पण आपल्या मनाने गोळी बदलायची नाही, बंद तर मुळीच नाही. चढलेलं बीपी मेंदूला सोडत नाही.

आता एक दोघींतलं. पुरुषांच्या त्या निळ्या गोळ्या असतात ना, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतात त्या. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्यांच्या माहितीपत्रकात याच नसेच्या झटक्याचा इशारा घालायला लावला. गोळीनेच झटका येतो हे सिद्ध नाही, पण एक डोळा गेलेल्याने डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. घेत असतील तर तू ओरडू नकोस, लाजूही नकोस. डॉक्टरांसमोर त्यांना बोलायला जमणार नाही, चिठ्ठीवर लिहून दे.

आणि एक धोक्याचं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची नजर अचानक गेली आणि त्यासोबत कानशिलं दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, घास चावताना जबडा दुखणं असं काही असलं, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही. तो वाहिन्यांच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो, त्याला रक्ताची तपासणी आणि औषध लगेच लागतं, नाहीतर दोन्ही डोळे जाऊ शकतात. खरं तर कुठलीही नजर अचानक गेली की त्याच दिवशी दवाखाना. चष्मा पुसण्यात दोन दिवस घालवायचे नाहीत.

तुझं काय? अगं, तू त्यांचं सगळं सांगितलंस, स्वतःचं काही नाही. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो, आणि आपल्यात तो मोठ्या आवाजाने येईलच असं नाही. झोप लागत नाही, मध्येच तुटते, सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, चिडचिड. डॉक्टर म्हणतात थायरॉइड बघा, रक्त बघा, टेन्शन घेऊ नका. झोपेचं कुणी विचारत नाही. नवऱ्याने तरी सांगावं की तुझा श्वास थांबतो, तर तो स्वतःच घोरत पडलेला. मागच्या दिवाळीत आपण दोघी एका खोलीत झोपलो होतो, आठवतंय? तू घोरत होतीस, आणि दोनदा थांबलीस. मी तेव्हा दमली असशील म्हणून बोलले नाही. आता बोलते. त्यांची स्लीप स्टडी होईल तेव्हा तुझीही करून घे, एका खेपेत दोन्ही. बिल माझ्याकडे पाठव, त्यावर वाद नको.

डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत तू जा. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा गाडी त्यांच्या हातात देऊ नकोस. आणि झोपेचा रिपोर्ट डोळ्यांच्या फाईलमध्येच लाव. तो छातीच्या डॉक्टरांच्या फाईलमध्ये पडून राहतो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना कुणी दाखवत नाही.